खूण केल्याशिवाय मारायचं नाही

लोक मला विचारतात, मालिका परत कधी सुरू होणार. माझ्या लॉन्ड्रीत येतात, कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवतात, तोंड पाडतात, म्हणतात, ताई, फार वाईट झालं हो. आणि लगेच, पण मालिका बंद नका होऊ देऊ हं, आमच्या म्हाताऱ्यांना तेवढाच विरंगुळा आहे. मग मागचा कोणीतरी म्हणतो, कशाला हो, कधीच बंद व्हायला पाहिजे होती, शेवटची काही वर्षं नुसती आदळआपट चालली होती. मग ते दोघंच भांडतात. माझ्या भावाच्या मरणावर नाही भांडत, मालिकेवर भांडतात. मी इस्त्री फिरवत असते. कधी कधी वाटतं उचलावी आणि द्यावी एकेकाच्या थोबाडावर ठेवून.

म्हणून सगळं एकदाच सांगून टाकते. कोणी विचारलं की हे वाचा म्हणायचं.

तुम्ही त्याला सोंग्या म्हणून ओळखता. मालिकेतला भाडेकरू, जो दर भागात काहीतरी फोडतो आणि शेवटी घरमालकाचा मार खातो. खाली पडतो, मेल्यासारखा पडून राहतो, मालक म्हणतात, "ऊठ, सोंग नको!" की टुणकन उठून उभा राहतो आणि विचारतो, "चहा झाला का मालक?" तो. घरात आम्ही त्याला बारक्या म्हणायचो. माझ्यापेक्षा लहान, अंगानेही बारीक.

आमचा बाप लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. हात म्हणजे फळीच. तो दारू पीत नव्हता, लोकांना खरं वाटत नाही. शुद्धीत मारायचा. पाणी गार का नाही म्हणून मारायचा, दार वाजलं म्हणून मारायचा. पट्टा काढायचा तेव्हा आधी नीट गुंडाळायचा हाताला, सावकाश, जसं काही कामाला बसायचंय. माझ्या भुवईवर वण आहे तो बकलाचा. आई लवकर गेली, कशाने गेली ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. शेजारचे ऐकायचे आणि रेडिओ मोठा करायचे.

त्या घरात एक गोष्ट मी शिकले. खऱ्या माराचा आवाज. तो कानाला कळत नाही, दातांना कळतो.

बारक्या दुसरं शिकला. शाळेतही जात नव्हता तेव्हाची गोष्ट. बापाने हात उगारला, हात लागायच्या आधीच हा पठ्ठ्या गर्रकन फिरला, भिंतीवर आपटला, तिथून उलटा येऊन बादलीत बसला. पाणी उडालं बापाच्या तोंडावर. मी डोळे मिटले, म्हटलं आज मेला हा. तर बाप हसला. हात वरचा वर, आणि हसला, आणि हात खाली आला. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो.

मग तो रोज पडायला शिकला. खुर्चीवरून, उंबऱ्यावरून, स्वतःच्याच पायात पाय अडकवून. बाप हसला की हात खाली. दर वेळेस जमायचं असं नाही. एकदा बाप थकून आला होता, बारक्या लई भारी पडला, मला हसू आलं, पण बापाला नाही आलं. त्याने पडलेल्यालाच लाथा घातल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज पण मला माहीत आहे.

हाड जुळल्यावर तो पळाला. मी कशी सुटले ते राहू दे, माझं लग्न झालं एवढंच.

पळून तो नाटकाच्या एका हॉलमध्ये खुर्च्या लावायच्या कामाला लागला. तिथे मालकांनी त्याला बघितलं. मालक तेव्हा नाटकातले मोठे नट, पण मी त्यांना मालकच म्हणते, सगळेच म्हणतात, मालिकेतल्या कामामुळे. बारक्या खुर्च्यांची चळत घेऊन जिन्यावरून घसरला आणि खालपर्यंत गेला, एकेक खुर्ची एकेका पायरीवर ठेवल्यासारखी. मालक म्हणाले, "परत कर." हा म्हणाला, "मारणार नसाल तर करतो."

 मालक म्हणाले, "मी मारणारच आहे. पण लागणार नाही. शिकतोस का?"

हे तो मला घरी येऊन सांगायचा तेव्हा त्याचे डोळे असे चमकायचे. म्हणायचा, "ताई, माणूस हात उगारतो आणि लागत नाही! असं पण असतं!"

मालकांची शिकवण अशी होती. मारणाऱ्याने मारायचं नसतं, मार खाणाऱ्याने वाजवायचं असतं. मारणारा हात तोंडासमोरून नुसता नेतो. ज्याला मारलं तो त्याच क्षणी कमरेपाशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी टाळी वाजवतो आणि मान फिरवतो. बघणाऱ्याला वाटतं कानफटात बसली. दुसरं, मार खाणाऱ्याने मारणाऱ्याच्या हाताकडे बघायचं, तोंडाकडे कधीच नाही. तोंड फसवतं, हात फसवत नाही. आणि तिसरं सगळ्यात मोठं. मार खाणारा तयार झाला की नाकाला बोट लावतो. ती खूण. खूण केल्याशिवाय मारणाऱ्याने हात चालवायचा नाही. भले सगळं जग थांबून राहू दे.

"म्हणजे कधी मारायचं ते मी ठरवतो," बारक्या म्हणायचा. "मालक नाही, मी."

सरावाला तो माझ्याकडे यायचा. मला म्हणायचा, मार. माझा हातच उठेना. त्याच्यावर हात उगारला की मला बापच दिसायचा, मी रडायला लागायचे. तो म्हणायचा, "अगं बाई, हवेला मारतेस, हवेची आई रडत नाही, तू कशाला रडतेस?" मग जमलं. मी हात फिरवायचे, तो टाळी वाजवायचा, एकच आवाज यायचा, स्वच्छ. माझा नवरा तेव्हा होता, तो दारातून म्हणायचा, "मला पण शिकवा रे, बायकोच्या हातचा खोटा मार तरी मिळेल."

मग मालिका आली. पहिली वर्षं काय होती! रस्ते मोकळे व्हायचे, हे मी वाढवून नाही सांगत, माझं दुकान त्या वेळेला रिकामं असायचं. सगळा जीव मालकांच्या बोलण्यात होता. मालक विचारणार, "कप कसा फुटला?" हा म्हणणार, "फुटलेलाच होता मालक, एकमेकांना धरून उभा होता, मी फक्त सोडवलं." मालक म्हणणार, "मग आता मी तुला तुझ्यापासून सोडवतो." आणि एक कानफटात. भागाला एकच, शेवटी. तेवढ्या एका टाळीची लोक वाट बघायचे. आणि मालक इतके पक्के, की एकदा बारक्याला शिंक आली, खूण करता आली नाही, तर मालक हात वर करून उभे, शिंक संपेपर्यंत. ते पण दाखवलं टीव्हीवर. लोक हसून हसून लोळले.

त्याचा त्रास एकच. रस्त्यात लोक मारायचे. होय, खरं मारायचे. बस थांब्यावर, दवाखान्यात, माझ्या दुकानाच्या दारात. मागून येऊन टपली, पाठीत धपाटा, "ऊठ, सोंग नको!" पोरंटोरं नाही, चांगले बाप्ये. त्यांना वाटायचं याला लागतच नाही. हा हसायचा. एका लग्नात एकाने पोटात गुद्दा घातला, बारक्या कळवळून खाली बसला, सगळे हसले, फोनवर काढायला लागले. मी चप्पल काढली आणि त्या माणसाच्या तोंडावर मारली, एकदा नाही, तो पळेपर्यंत मारली, त्याचा ओठ फुटला. बारक्या खाली बसल्या बसल्या मला म्हणतो, "ताई, त्याची खूण नव्हती झाली." 

असा होता. म्हणून सांगते.

कुठल्याही गोष्टीला वय असतं. मालिकेचं वय झालं. लिहिणारे एकेक करून गेले, त्यांना दुसरीकडे कामं मिळाली. तेच कप, तेच जिने, तेच पाहुणे. आणि मालक वाक्यं विसरायला लागले. आधी एखादा शब्द, मग अख्खं पान. चॅनेलचा एक साहेब होता, जाड चष्म्याचा, सगळे त्याला भिंगवाला म्हणायचे. त्याने सेटवरच्या लोकांचं हसू मोजणाऱ्या यंत्रावर बघून शोधून काढलं की लोक आता बोलण्यावर हसत नाहीत, मारावर हसतात. मग एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. मालक वाक्य विसरले की मारायचे. शांतता पसरली की मारायचे. पुढे काठी आली, बादली आली, तवा आला. आमच्या घरात हसलं की मार थांबायचा. तिकडे हसलं की मार वाढायचा.

मी म्हटलं, "बारक्या, पुरे कर. आंबा पिकला की काढावा, सडला की चिकटतो."

"मी सोडलं तर मालिका बंद."

"मग होऊ दे की! लोक शिव्या घालतात. माझ्या तोंडावर म्हणतात, ताई, भाऊ आता बोअर करतो."

"आणि मालक काय करतील?"

तेव्हा त्याने सांगितलं. मालकांना घरी स्वतःचा मुलगा ओळखू येत नव्हता. सुनेला ते मोलकरीण समजायचे, अंगावर भांडी फेकायचे. पण सेटवर दिवे लागले, बारक्या समोर उभा राहिला, की म्हणायचे, "आलास का गाढवा?" जगात तेवढा एकच माणूस त्यांना आठवत होता. घरच्यांनी आणि बारक्याने मिळून हे झाकून ठेवलं होतं. भिंगवाल्याला वाटायचं, वयामुळे पाठांतर गेलं, बास.

मी तो विषय सोडला. पण मग मी तो आवाज ऐकला.

दुपारी दुकानात टीव्ही चालू असतो. मी पाठ करून इस्त्री करत होते, भाग चालू होता, मालकांनी मारलं आणि माझे दात शिवशिवले. मी वळले. परत मारलं. दोन आवाज होते. एक टाळीचा, आणि त्याच्या केसभर आधी दुसरा. तो दुसरा मी बापाच्या घरात ऐकलेला होता. बाकड्यावर बसलेली बाई खो खो हसत होती. मी इस्त्री उभी न करता तशीच सोडली, कोणाचा तरी सदरा जळला.

संध्याकाळी तो आला. माझा नवरा गेल्यापासून तो माझ्याकडेच राहायचा. मी त्याची उशी पुढे टाकली. अभ्र्यावर डाग होते, मी आधी तेलाचे समजून धुवायचे. म्हटलं, "कानातून रक्त येतं ना तुझ्या?"

"अगं, फोड झाला होता."

"उजव्या बाजूने बोलले तर तू वळत नाहीस. कधीपासून ऐकू येत नाही?"

त्याने उशी उलटी करून ठेवली. मी म्हटलं, "ते खरं मारतात. आणि तू वरून टाळी वाजवतोस. कोणाला कळू नये म्हणून."

"ते खूण विसरलेत ताई," तो म्हणाला. "त्यांना माहीत नाही ते मारतायत. त्यांना वाटतं लागत नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी संतापले. म्हटलं, "बापाच्या घरातून पळालास ते याच्यासाठी? बाप बरा, त्याच्या माराला तू टाळ्या तरी वाजवत नव्हतास!" आणि मी हात उगारला. खरंच उगारला, डोकंच फिरलं होतं. तर त्याने काय करावं? नाकाला बोट लावलं. आणि कमरेपाशी हात तयार ठेवले.

मला हसू फुटलं. रडत होते आणि हसत होते. हात खाली आला.

मग आम्ही बसलो. तो म्हणाला, "बापाला मी पळून सोडलं, त्याचं काही वाटत नाही. या माणसाला पळून नाही सोडायचं. ताई, मला एकदा, फक्त एकदा, त्यांना हात वर करून थांबलेलं बघायचंय. माझी खूण बघून मग मारताना. म्हणजे मला कळेल ते अजून आत आहेत. त्या दिवशी मी स्वतः भिंगवाल्याला सांगेन, बंद करा. तुझी शपथ."

"आणि नाही थांबले तर?"

"थांबतील."

मी म्हटलं, "तोपर्यंत तुझं डोकं राहील का धडावर?" तो म्हणाला, "राहिलं तर इस्त्री करून दे."

त्यानंतर दर वेळी तो घरी आला की मी तोंडाकडे बघायचे. तो मान हलवायचा. नाही थांबले. गालावर बोटं उमटलेली असायची, कधी ओठ फाटलेला. एकदा काठीने पाठीवर असा वळ उठला होता की मी तेल लावताना बोट त्यात बसत होतं. मी डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाला, कानाचा पडदा गेलाय, डोक्याला आता एकही फटका नको. बाहेर आल्यावर कंपाउंडरने त्याला टपली मारली. "ऊठ, सोंग नको!"

मग एका शूटिंगला मी सोबत गेले. त्याच्या मनाविरुद्ध गेले. म्हटलं, काही वेडंवाकडं वाटलं तर मी मध्ये पडणार, तुझी अब्रू गेली तरी चालेल. पुढच्याच बाकावर बसले. तिथे लोकांना बसवतात बघायला, त्यांचं हसू खरं असतं. माझ्या शेजारी एक जोडपं होतं, आधीपासूनच हसत होतं.

तव्याचं आधी सांगते, नाहीतर कळणार नाही. सेटवर लांब दांड्याचे दोन तवे असायचे, दिसायला सारखे. एक रबराचा, मारायचा, तो भिंतीवरच्या खिळ्याला. दुसरा खरा, लोखंडी, तो शेगडीवर, कारण आधी बारक्या त्यावर पळी वाजवायचा आणि तिथे आवाज लागायचा. मग कॅमेरा थांबायचा, सामानवाला खरा तवा उचलून न्यायचा आणि मगच मारामारी. त्या दिवशी लोक थंड होते. भिंगवाला म्हणाला, मध्ये थांबायचं नाही, सलग करा, गरमागरम. सामानवाल्याला आत जाताच आलं नाही. बारक्याने विचार केला असेल, मालक रबराचाच घेतील, इतकी वर्षं तोच घेतायत.

बारक्याने पळी वाजवली. मालक आले. वाक्य होतं, ते विसरले. शांतता झाली. मला माहीत होतं आता काय होणार, मी अर्धी उठलेच होते. मालकांनी हात लांब केला, शेगडी जवळ होती, तवा उचलला, डोक्यावर नेला.

आणि थांबले.

हात वर, तसाच. बारक्याकडे बघत. जसे तेव्हा उभे राहिले होते, शिंक संपेपर्यंत.

मी खाली बसले. मला पण तेवढंच दिसलं, थांबलेला हात. बारक्याने वर बघितलं. हाताकडे नाही. मालकांच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मार खाताना तोंडाकडे बघत होता. आणि त्याचं तोंड असं झालं की काय सांगू, बादलीतून उठून बापाला हसताना बघितलं होतं तेव्हा झालं होतं तसं. त्याने मान वळवून मला पण शोधलं. बघितलंस? असं. मग नाकाला बोट लावलं.

मालकांनी मारलं. आता खूण झालेली होती, त्यांनी मनापासून मारलं, दोन्ही हातांनी.

रबराच्या तव्याला आवाज नसतो. तो नंतर घालतात. हा आवाज आला. 

तो उभाच्या उभा खाली गेला. एवढ्या वर्षांत तो कधी असा पडला नव्हता, काहीच न करता. आणि लोक हसले. शेजारची बाई माझ्या मांडीवर हात मारून हसत होती. मालक म्हणाले, "ऊठ, सोंग नको!" लोक जास्त हसले. त्याचा एक पाय हलत होता, नुसता पाय, जमिनीवर टाच आपटत, त्यावर पण हसले. "ऊठ, सोंग नको!" मालक परत म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरशीवर काळंकाळं पसरलं ते मला दिव्यात आधी चहा वाटलं.

मी बाकावरून उडी मारली. भिंगवाल्याने मला दोन्ही हातांनी धरलं, म्हणतो, "ताई, ताई, शॉट चालू आहे." मी त्याच्या तोंडावर डोकं मारलं. चष्मा फुटला, काच त्याच्या गालात गेली, माझ्या कपाळात पण गेली. तो ओरडला तेव्हा लोकांचं हसू थांबलं. बारक्यासाठी नाही थांबलं, याच्या ओरडण्याने थांबलं.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मागून मऊ लागलं हाताला. डोळे उघडे होते. मालक आमच्या अंगावर वाकून उभे होते, तवा हातात, आणि हळू आवाजात, घरातल्यासारखं म्हणत होते, "ऊठ रे बाळा. चहा झाला."

तो नाही उठला.

पोलीस आले, चौकशी झाली, अपघात ठरला. अपघातच होता, मी नाही म्हणत नाही. पण अपघाताला पण कोणीतरी जागा करून देतं.

दिवसकार्य झाल्यावर भिंगवाला दुकानात आला. गालावर पट्टी, नवा चष्मा. म्हणाला, प्रेक्षकांची फार मागणी आहे. त्याची आठवण म्हणून मालिका पुढे न्यायची, नवीन भाडेकरू आणायचा, सोंग्याचा धाकटा भाऊ दाखवायचा. फक्त मालक सेटवर उभे राहत नाहीत, सोंग्याला बोलवा म्हणतात, बाकी कोणी जवळ गेलं की अंगावर येतात. "तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण," म्हणाला, "चेहरा पण सारखा आहे. तुम्ही नुसतं समोर बसलात तरी ते काम करतील. ताई, लोकांना हसवणं हीच त्याला श्रद्धांजली."

मी म्हटलं, "इस्त्री तापलेली आहे. मी तीनपर्यंत मोजत नाही, मला तेवढं येत नाही." तो गेला. पण जाता जाता म्हणाला, "ठरवा. तुम्ही हो म्हटलं तर चालू, नाही म्हटलं तर मालक घरी सडणार."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हात शिवशिवत होते. सकाळी उठून मी मालकांच्या घरी गेले. खरं सांगते, मारायलाच गेले होते. ते विसरले असतील, माझा भाऊ विसरण्यासारखा नव्हता.

सुनेने दार उघडलं. तिचा डोळा सुजून काळानिळा झालेला. मी बघितलं, तिने पदर पुढे ओढला. म्हणाली, "आत आहेत. जपून जा."

मालक खुर्चीत बसले होते, खिडकीकडे तोंड करून. फरशीवर फुटक्या बशीचे तुकडे होते. मला बघून म्हणाले, "आलास का गाढवा? किती उशीर!"

मी जवळ गेले आणि हात उगारला. पूर्ण मागे नेला, बाप न्यायचा तसा. माझ्या अंगात तोच होता त्या वेळेला, मला कळत होतं आणि मी थांबणार नव्हते.

मालकांनी माझ्या हाताकडे बघितलं. तोंडाकडे नाही. पाठ सरळ केली. दोन्ही हात कमरेपाशी नेले, माझ्या नजरेआड, टाळीला तयार. मग एक हात वर आणून नाकाला बोट लावलं आणि परत खाली नेला.

माझा हात वरच राहिला.

"मार की," ते म्हणाले. "किती वेळ लावतोस? तयार आहे मी."

माझ्या भावाने ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं ते हे. ते आत होतेच. मी त्यांना माफ केलं असं कोणी समजू नका, अजूनही केलेलं नाही. पण खूण झालेली होती. मी हात फिरवला, हवेतून, बारक्याने शिकवला तसा. त्यांनी टाळी वाजवली, मान फिरवली, खुर्चीत आडवे झाले. एकच आवाज आला. स्वच्छ. सून आतून धावत आली आणि दारातच थांबली.

ते पडून राहिले. डोळे मिटून. वाट बघत होते. मला ते वाक्य म्हणवेना.  शेवटी म्हटलं, "उठा मालक. चहा झाला."

ते उठून बसले. धाप लागली होती, पण तोंडावर हसू होतं. "बरं झालं का?" त्यांनी विचारलं.

"छान झालं."

"मग पुढचा कधी?"

"पुढचा नाही. मालिका बंद झाली. हा शेवटचा होता."

त्यांनी हात मांडीवर ठेवले, एकावर एक. मग जरा घाबरून म्हणाले, "सोंग्याला विचारलंत का? त्याला न विचारता बंद करू नका हं. त्याला वाईट वाटेल."

मी म्हटलं, "त्यानेच सांगितलंय."